बारीक धार

"टाकीच नाही? मग पाणी धरून कुठं ठेवतो हा?"

नवी पेठेतल्या दुकानात सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा काउंटरवरचा मुलगा हसला. गॅस गिझरच्या खोक्यावर बोट ठेवून म्हणाला, "आज्जी, हा धरून ठेवतच नाही. नळ सोडला की गरम, नळ बंद केला की हा पण बंद." आईंनी चष्मा वर सरकवून खोका न्याहाळला. "सहा लिटर लिहिलंय की इथं. तेवढी तरी टाकी असणारच." मग त्यानं समजावलं, की ते सहा लिटर पोटातले नाहीत, मिनिटाला किती पाणी तापवतो त्याचा तो आकडा आहे. जुन्या गिझरवरचे 15 लिटर म्हणजे टाकीचं माप, या गिझरवरचे 6 लिटर म्हणजे वेगाचं माप. आईंनी मान डोलावली, पण पटल्याची नाही. मंडईत भाजीचा भाव ऐकून डोलावतात तशी.

तो प्रश्न माझ्या मागंच लागला. सोलापुरात टाकीबद्दल नाही विचारायचं तर कशाबद्दल विचारायचं? नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. तेही कधी पहाटे, कधी भर दुपारी. उजनी धरण शंभर टक्के भरल्याचा फोटो ज्या दिवशी पेपरात येतो त्याच दिवशी आमच्या गल्लीत बायका एकमेकींना "आलं का तुमच्याकडं?" म्हणून विचारत असतात. इथं घर बघायला गेलेला माणूस आधी गच्चीवरची टाकी बघतो, मग जिन्याखालचा हौद, आणि हॉल केवढा आहे ते सगळ्यात शेवटी. आमच्याकडं बाथरूममध्ये निळं पिंप, मोरीत दोन बादल्या झाकून, ओट्यावर स्टीलची टाकी, खिडकीत माठ, आणि आईंच्या खोलीत त्यांची स्वतःची, कुणी हात लावायचा नाही अशी, तांब्याची कळशी. पाणी आलेल्या दिवशी हे सगळं भरून झालं की घरात एक प्रकारचा श्रीमंतीचा वास येतो. ओल्या फरशीचा आणि क्लोरीनचा. अशा घरात आम्ही एक यंत्र आणायला निघालो होतो, ज्याचा मोठेपणाच हा की त्याला साठवता येत नाही.

जुना गिझर साठ्याचाच होता. एका सकाळी त्याच्या बुडातून गंजकट तांबडं पाणी ठिबकायला लागलं. अण्णा बघायला आले. अण्णा म्हणजे आमचे प्लंबर कम इलेक्ट्रिशियन. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि पाइप बसता बसत नसला की कन्नड. त्यांनी खालचं झाकण उघडून एक वाळकी, खडबडीत काडी बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "ही मॅग्नेशियमची कांडी होती, वहिनी. बोटाएवढी जाड असती. खारं पाणी हिला खातं, म्हणून टाकीला खात नाही. ही संपली की मग टाकीची पाळी." दर दोन-तीन वर्षांनी ती बदलायची असते, हे गिझरबरोबरच्या कागदात लिहिलेलं असतं. सोलापुरात तो कागद कुणी वाचल्याचं अण्णांच्या ऐकिवात नव्हतं. आमच्या सोसायटीत नळाचं पाणी कमी पडलं की बोअरचं टाकीत सोडतात, आणि काळ्या दगडातून वर आलेलं ते पाणी तर साबणालाही जुमानत नाही.

मग आठवडाभर जेवणाच्या टेबलावर गिझरच. नवऱ्याचं मत विजेच्या इन्स्टंट गिझरकडं होतं: छोटा, स्वस्त, भिंतीवर कुठंही बसतो. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. एक लिटर पाणी एका मिनिटात 14 अंशांनी तापवायला साधारण एक किलोवॅट लागतो. पौष महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 20 अंशांच्या आसपास असतं, आंघोळीला 40 हवं. तीन किलोवॅटचा गिझर या हिशेबानं मिनिटाला दोन लिटर आणि थोडं वर, एवढंच कढत पाणी देणार. पंधरा लिटरच्या बादलीला सात मिनिटं. शिवाय तीन किलोवॅट म्हणजे 13 अँपिअर. त्याला 16 अँपिअरचा सॉकेट, जाड वायर, भार वाढला की आपोआप पडणारा स्वतंत्र एमसीबी स्विच हवा. थंड देशांत अशाच विनाटाकीच्या गिझरांना 18 किंवा 27 किलोवॅटची थ्री फेज जोडणी देतात, मग त्यांच्या शॉवरमधून धो धो पाणी येतं. आमच्या सिंगल फेज मीटरवर असलं काही चालवायचं म्हटलं तर आधी फ्यूज जाईल आणि मग शेजारी येतील. गॅसचा सहा लिटरवाला मात्र सहज दहा किलोवॅटच्या वर काम करतो. एका बादलीला चाळीसेक ग्रॅम गॅस. म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये तीनशेच्या वर बादल्या, निदान वहीवर तरी. आणि लाइट गेली तरी तो चालतो, कारण ठिणगीपुरते त्याला दोन जाडे सेल पुरतात. लोडशेडिंगच्या वर्षांत घडलेल्या माणसाला हा मुद्दा सोडवत नाही.

गच्चीवर सौरबंब बसवायचा विचार का केला नाही, हे कुणीतरी विचारणारच. केला. गच्ची सगळ्यांची आहे. तेवढं उत्तर पुरेसं आहे असं मला वाटतं.

माझं माहेर बार्शीचं. तिथं परसात तांब्याचा बंब होता, माझ्या कमरेएवढा उंच. मध्ये धुराडं, खाली जाळी, वर पाणी ओतायचं तोंड, आणि पोटाशी पितळी तोटी, तिच्यातून शेवटपर्यंत थेंब गळायचा. तुराट्या, शेंगांची टरफलं, नारळाच्या करवंट्या, काय मिळेल ते त्याच्या घशात जायचं. पाण्याला धुराचा बारीक वास असायचा आणि तो अंगाला दिवसभर राहायचा. शाळेत बाकावर शेजारी बसलेल्या मुलीच्या घरी बंब आहे की चूल, हे वासावरून सांगता यायचं. बंबाचा एक कायदा होता. घेतलं तेवढं ओत. एक बादली कढत पाणी काढलं की तेवढंच गार पाणी वरून ओतायचं आणि दोन तुराट्या सारायच्या, मगच आंघोळीला जायचं. न ओतता गेलेला माणूस घरात कधीच लपत नसे, कारण मागून येणाऱ्याला तोटीतून नुसती वाफ मिळायची आणि मग अख्ख्या वाड्याला त्याचं नाव कळायचं. म्हणजे आपल्या आंघोळीचं पाणी आपल्या आधीच्या माणसानं तापत ठेवलेलं असायचं आणि आपण मागच्याचं ठेवायचं. मला हे आठवून गहिवर येतो खरा. पण त्याच वेळी काकूही आठवते. ती पहाटे चारला उठून बंब पेटवायची, फुंकणीनं फुंकून डोळे लाल करून घ्यायची, आणि आजोबा, काका, बाबा, मग आम्ही पोरं असं सगळं उरकल्यावर तिच्या वाट्याला कोमट पाणी यायचं. ओतण्याचा कायदा सगळ्यांना होता, पेटवण्याचा एकटीला. बंबाच्या आठवणी लिहिणाऱ्यांत पुरुष जास्त का असतात, याचं उत्तर मला तिथं सापडतं.

विकत घ्यायच्या आदल्या रात्री मी मोबाईलवर वाचत बसले. लंडनमधल्या बेंजामिन मॉन नावाच्या एका रंगाऱ्यानं 1868 मध्ये गॅसवर लगोलग पाणी तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्या यंत्राला धूर बाहेर न्यायची नळीच नव्हती. जळलेला गॅस तिथंच न्हाणीघरात. पुढं जर्मनीत ह्यूगो युंकर्स यानं असले हीटर विकून बस्तान बसवलं आणि मग त्याच कारागिरीतून 1915 मध्ये संपूर्ण धातूचं विमान उडवलं. विमानाची गोष्ट वाचायला मजा आली, पण रात्री झोप उडाली ती नसलेल्या नळीमुळं. कारण दीडशे वर्षांनंतरही आपल्याकडं बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून माणसं मरतात. हवा अपुरी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त ओढीनं चिकटतो. माणसाला आधी गरगरतं, वाटतं कढत पाण्यानं झालं असेल. पाय लटपटतात. दाराची कडी आतून असते. काही जण वाचतात, पण फीट आली असं समजून वेगळेच उपचार सुरू होतात. सकाळी मी नवऱ्याला सांगितलं, गिझर ड्राय बाल्कनीत, मोकळ्या जाळीजवळ, आणि बाथरूममध्ये फक्त पाइप. नाहीतर मी आयुष्यभर चुलीवर पातेलं ठेवीन. त्याला वाटलं मी भांडतेय. मी भांडतच होते.

अण्णा आले ते आधी बादली मागत. नळाखाली बादली ठेवली, मोबाईलचं घड्याळ लावलं. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे गच्चीवरची टाकी डोक्याच्या जेमतेम तीन मीटर वर. दहा मीटर उंचीचं पाणी एक बार दाब देतं, तर तीन मीटरचं किती ते शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. खालच्या मजल्यावरच्यांना आमच्यापेक्षा जास्त जोर मिळतो. उंचावर राहण्याचा तोटा हा असा. बादली अडीच मिनिटांत भरली. "सहा लिटर. चालतंय," अण्णा म्हणाले, आणि ड्रिल मशीन भिंतीला लागलं. लाल विटेची भुकटी वाळत घातलेल्या टॉवेलांवर बसली. सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाइप कापला, सोल्युशनचा तो डोक्यात जाणारा गोड वास सुटला, पितळी निपलवर टेफ्लॉनचे वेढे बसले. पाणी आत येतं त्या तोंडाला त्यांनी बोटाच्या नखाएवढी जाळी घातली आणि मला बोलावून दाखवली. "ही दर महिन्याला काढून धुवायची. तुमच्याकडची वाळू इथं अडकणार." गॅसची नारंगी नळी घट्ट पट्टीनं आवळली, तिच्यावरचा आयएसआयचा शिक्का मी दोनदा वाचला. मग वाटीत साबणाचा फेस करून प्रत्येक जोडावर लावला. एका जोडावर बुडबुडा हळूच फुगला, फुटला, पुन्हा फुगला. अण्णांनी पट्टी अजून अर्धा वेढा आवळली. आई सगळा वेळ मोढ्यावर बसून त्यांच्याशी तेलुगूत बोलत होत्या. त्यांच्या चाळीत निम्मी घरं पद्मशाली विणकरांची, त्यामुळं त्यांची तेलुगू अस्सल. मला त्यातलं 'नीळ्ळु' तेवढं कळत होतं, आणि ते फारच वेळा येत होतं.

नळ सोडला. टक टक टक टक, आणि भप्. छोट्या काचेमागं निळ्या ज्योतींची रांग उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून आईंची हाक आली. "अगं, हा पेटतच नाही." मी जाऊन नळ सोडला, पेटला. मी बाहेर आले, पुन्हा हाक. असं होता होता शेवटी मी दारातच उभी राहिले आणि बघितलं. आई नळ अर्धाही सोडत नव्हत्या. करंगळीएवढी धार, तांब्याखाली नेम धरून. जन्मभर त्यांनी नळ असाच सोडलेला. गिरणीच्या चाळीत दहा घरांत एक नळ, भोंगा व्हायच्या आत वडिलांची आंघोळ, भावांची आंघोळ. जोरात सोडलेला नळ म्हणजे दुसऱ्याच्या घागरीतलं पाणी. पुढं नळ घरात आला, धार तेवढीच राहिली. आणि या गिझरच्या आत एक रबरी पडदा असतो. पाण्याच्या जोरानं तो सरकतो, तेव्हाच गॅसची वाट उघडते आणि ठिणगी पडते. जोर नसेल तर पडदा हलत नाही. ते योग्यच आहे. पाणी पुरेसं वाहत नसताना ज्योत पेटली तर तांब्याची नळी जळून जाईल. पण मला त्या क्षणी यंत्राचा राग आला. सत्तर वर्षं पाणी वाचवणाऱ्या हाताला हे म्हणत होतं, नीट सोडा, नाहीतर मिळणार नाही.

मी आईंना म्हटलं, "आई, नळ पूर्ण सोडा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सांडेल की."

तोडगा त्यांनीच काढला. नळाखाली बादली ठेवायची, नळ पूर्ण सोडायचा, अडीच मिनिटांत बादली भरली की बंद. मग बसून सावकाश तांब्यानं आंघोळ. म्हणजे टाकी लागलीच. शिवाय बाल्कनीपासून बाथरूमपर्यंतच्या पाइपमध्ये अर्धा-पाऊण लिटर गार पाणी आधीचं पडून असतं, ते सुरुवातीला येतं. ते आई मगमध्ये धरतात आणि बाजूच्या फरशीच्या बादलीत ओततात. नवरा म्हणतो, एवढ्याशा पाण्यानं काय होतंय. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत त्या एवढ्याशा मगांवर हॉलची फरशी पुसून होते.

मग आली गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. बार्शीहून भाऊ, वहिनी, त्यांची मुलं. अक्षता सोहळ्याच्या दिवशी सकाळी सगळ्यांना आवरून अक्षता पडतात त्या संमती कट्ट्यावर जागा धरायची होती, थंडी अशी की खिडकीची कडी हाताला चटका देत होती. जुन्या गिझरच्या काळात अशा दिवशी बाथरूमबाहेर रांग आणि रांगेत तंटे. पंधरा लिटरची टाकी तापायला वीसेक मिनिटं, त्यात गार पाणी मिसळून दोन बादल्या, की पुन्हा थांबा. तिसऱ्याची पाळी आली की तो दारावर थापा मारायचा. यंदा कुणी थांबलं नाही. एक गेला, दुसरा आला, गिझर आपला भप् करून पेटतोय. भाच्यानं तर दोनदा केस धुतले. भाऊ म्हणाला, "ताई, हे भारी आहे गं, संपतच नाही." मला बंबाचा कायदा आठवला. इथं मागच्यासाठी ओतायचं काही नव्हतं आणि पुढच्यानं काही उरवलंही नव्हतं. प्रत्येकाची आंघोळ ज्याची त्याची. काकू असती तर तिनं या यंत्राला हळदकुंकू लावलं असतं, याबद्दल मला शंका नाही. दहाच्या सुमाराला वहिनीनं नळ सोडला आणि नळानं नुसता श्वास टाकला. गिझर ठीक होता. गच्चीवरची टाकी संपली होती.

नळाला पाणी यायला अजून दोन दिवस. सेक्रेटरींनी बोअर चालू केला, आणि त्या पांढरट, जड पाण्यानं भांडी घासत मी बराच वेळ विचार करत होते. गरम पाणी कमी पडायचं, रांग लागायची, थंडीत तिसरा माणूस ओरडायचा, यानंच आमच्या घरातलं पाणी वाचत होतं की काय? जुना गिझर वीज खात होता आणि पाणी राखत होता. आई मात्र काही बोलल्या नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी बाथरूमच्या नळाजवळ बादलीच्या आतल्या अंगाला, जिथवर भरायचं तिथं, नेलपॉलिशनं एक लाल रेघ मारली.

बोअरच्या पाण्याचे परिणाम होळीच्या सुमाराला दिसले. धार कमी, पाणी जरुरीपेक्षा कढत, मधेच ज्योत बंद. तापलं की पाण्यातला चुना नळीत आतून बसतो. बंबाच्या पोटातून आम्ही लहानपणी त्याच्याच खपल्या काढायचो. अण्णांनी गॅस बंद केला, गिझरमधून लिंबूसताचं पाणी छोट्या पंपानं फिरवलं. बादलीत फेस आला, पाणी दुधाळ झालं, तळाशी पांढरी वाळू बसली. अर्ध्या तासात गिझर पहिल्यासारखा. एप्रिल लागला की तसाही त्याला आराम. तेव्हा गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच दुपारी हात घालवत नाही, आणि आंघोळीसाठी रात्रीच बादली भरून निवत ठेवावी लागते. सेल काढून ठेवायचे, नाहीतर पाझरतात.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी परवा आमचा गिझर बघायला आल्या होत्या. त्यांनाही हाच हवा होता. त्यांच्याकडं दाबही चांगला. पण त्यांनी ड्राय बाल्कनी सरकत्या काचेनं पूर्ण बंद करून घेतली आहे, धूळ येते म्हणून, आणि थंडीत ती काच उघडतच नाहीत. मी म्हटलं, काच काढणार असाल तर घ्या, नाहीतर विजेचा घ्या. त्यांनी दुकानात विचारलं होतं, तिथं "काही होत नाही हो" असं सांगितलं होतं. मी माझंच लावून धरलं. थोडा वाईटपणा आला, त्या चहा न घेता गेल्या. शेवटी त्यांनी तीन किलोवॅटचा घेतला, वेगळी वायर ओढून. आता रोज सकाळी जिन्यातून त्यांच्या कॉलेजातल्या मुलाचा आवाज वरपर्यंत येतो, "आई, बादली अजून अर्धीच झालीये!" आणि वहिनी खालून मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणतात, "वरच्या काकूंना विचार."